दसऱ्याचा भाव

नळदुर्गात हैदराबादचा रस्ता सोडून आमच्या गल्लीत वळलं की आधी तुराट्यांचा धूर लागतो आणि मग थाप ऐकू येते. ज्वारीच्या पिठावर पडणारी, न चुकणारी थाप. रुद्रम्माकाकू कडक भाकरी करतात. उकळत्या पाण्यात मळलेलं पीठ त्यांच्या हाताखाली इतकं पातळ होतं की थापताना खालच्या परातीची चमक वर दिसावी. वर तिळाची चिमूट. भाजून झाली की भाकरी निखाऱ्यांच्या उबेला उभी करायची. दुपारपर्यंत ती पापडासारखी होते आणि महिनाभर टिकते. रस्त्यावरचे ढाबेवाले त्या भाकऱ्या घेतात, आणि येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, पुण्या-मुंबईहून शेतात जेवायला आलेली माणसं परत जाताना गठ्ठे बांधून नेतात.

काकूंचे यजमान धोंडप्पा आडतीत काट्यावर असतात. त्यांच्या पगारात घर चालतं. लेकीचं, निकिताचं, शिक्षण चालतं ते भाकरीवर.

निकिता आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. मी मराठी घेऊन एम. ए. करतेय, ती डॉक्टर व्हायला परदेशी गेली. इथल्या खाजगी कॉलेजचा आकडा धोंडप्पांनी कागदावर तीनदा मांडून पाहिला होता. मग कुणीतरी सांगितलं की तिकडे बर्फाच्या मुलखात निम्म्याहून कमी पैशात होतं. काकूंनी पाटल्या मोडल्या आणि पोरीला विमानात बसवलं. तेव्हा डॉलर ऐंशीच्या आसपास होता. डॉलर कितीला असतो हे काकूंना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि कळून फार काही वाटलं नाही. प्रत्येक गोष्टीला भाव असतो, तसा त्यालाही होता.

भावाबद्दल काकूंच्या मनात एक गोष्ट पक्की होती, आणि पुढचं सगळं समजायला ती आधी सांगावी लागेल. दसऱ्याच्या संध्याकाळी त्या आपट्याची पानं घेऊन भाकरी घेणाऱ्या प्रत्येक ढाब्यावर जात. पान हातात द्यायचं आणि एकच वाक्य बोलायचं, ‘यंदा आठ.’ समोरच्यानं ‘व्हय’ म्हटलं की झालं. पुढच्या दसऱ्यापर्यंत भाकरी आठ रुपयांना. कागद नाही, सही नाही. त्यांच्या सासूचंही असंच होतं आणि सासूच्या सासूचंही. मागं एका वर्षी ज्वारी संक्रांतीनंतर एवढी चढली की भाकरी विकण्यापेक्षा पीठ विकलेलं बरं, असं त्यांच्यासोबत थापायला येणाऱ्या गजराबाई म्हणाल्या होत्या. काकू म्हणाल्या, ‘सांगून बसले की बाई.’ ते वर्ष त्यांनी तोंड मिटून काढलं. पण त्या वर्षानंतर ढाबेवाले त्यांच्याशी घासाघीस करेनासे झाले.

निकिताच्या फीचंही काकूंनी असंच धरलं होतं. सोलापुरातली एक एजन्सी रुपये घेऊन तिकडे डॉलर पोचवते. दरवर्षी दसऱ्याच्या सुमाराला काकू तिथं फोन लावत, भाव विचारत, आणि ‘ठरलं मग’ म्हणत. पलीकडचा मुलगा ‘हो, हो’ म्हणे. मग पैसे जमवायचे आणि जानेवारीत नेऊन भरायचे. पहिली दोन वर्षं दसऱ्याचा आणि भरण्याच्या दिवसाचा भाव जवळजवळ सारखाच निघाला. तिसऱ्या वर्षी फरक पडला तेव्हा त्यांना वाटलं, एजन्सीचं कमिशन वाढलं असेल. भाव बदलला असेल असं मनातही आलं नाही. ज्यानं सांगितलाय तो बदलेल कसा?

गेल्या दसऱ्याला डॉलर अठ्ठ्याऐंशीच्या वर होता. काकूंनी लगेच मनात मांडलं, एक डॉलर म्हणजे अकरा भाकऱ्या. फी आणि होस्टेल मिळून तीन हजारांवर डॉलर. त्यातले बरेचसे पैसे तेव्हाच हाताशी होते. थोडे उसने घेऊन ते त्याच दिवशी भरले असते तर ही गोष्टच घडली नसती. पण भाव ठरलाय, आता घाई कशाला, असं म्हणून काकूंनी त्या पैशाची ज्वारी घेतली. येळवशीला भाकरी खपते, ज्वारीचे पैसे वाढून येतात. धंदा करणाऱ्या कुणीही हेच केलं असतं. आणि त्यांचा तो हिशेब चुकलाही नाही. येळवस झाली, खंडोबाची जत्रा झाली, पैसे वाढून आले.

जानेवारीत एका सकाळी दोघं एस्टीनं सोलापूरला गेले. काकूंनी निळं इरकल नेसलं होतं. पैसे पदराखालच्या पिशवीत होते आणि पिशवीवर धोंडप्पांचा हात.

एजन्सीतल्या मुलानं खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि मग स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. भाव एक्क्याण्णवच्या पुढं होता. त्यांचं कमिशन वेगळं.

काकू म्हणाल्या, ‘दसऱ्याला तुमी अठ्ठ्याऐंशी सांगितलं व्हतं.’

‘मावशी, तो त्या दिवशीचा रेट.’

‘म्या ठरलं म्हटलं. तुमी व्हय म्हणालात.’

मुलगा गोंधळला. वाईट मुलगा नव्हता तो. म्हणाला, ‘मी ऐकतोय म्हणून हो म्हणालो असेन. ते ठरवणं माझ्या हातात नसतं.’

धोंडप्पांचा सगळा जन्म आडतीत गेला. तिथं सौदा होतो तेव्हा घेणारा, देणारा आणि हमाल सगळे एकमेकांसमोर उभे असतात. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘मग कोण ठरवतं ते सांगा. आमी त्यांच्याशी बोलतो.’

‘कुणीच नाही,’ मुलगा म्हणाला.

काकूंनी मला हे नंतर सांगितलं तेव्हा त्या पैशाबद्दल कमी आणि या दोन शब्दांबद्दल जास्त बोलल्या. कुणी लबाडी केली असती तर राग आला असता, रागाला धरून माणूस उभा राहतो. पण एवढा मोठा भाव, ज्यावर आपल्या लेकीचं सगळं आयुष्य टांगलेलं, तो कुणी सांगितलेलाच नाही, कुणी पाळायचाही नाही! परतीच्या एस्टीत, पैसे कमी पडले म्हणून न भरताच आणलेली पिशवी पुन्हा पदराखाली होती. बोरामणी गेलं, इटकळ गेलं.

एक डॉलर म्हणजे आता साडेअकरा भाकऱ्या झाल्या होत्या. अर्ध्या भाकरीनं कुणाचं पोट भरत नाही, कुणाचं रिकामं राहत नाही. पण तीन हजार ठिकाणी अर्धी अर्धी म्हणजे दीड हजारावर भाकऱ्या, आणि तोही नुसत्या विक्रीचा हिशेब; नफ्यातून भरायचं तर त्याहून कितीतरी जास्त थापाव्या लागणार. महिनाअखेरपर्यंत पैसे पोचले नाहीत तर निकिताला परीक्षेला बसता येणार नव्हतं. तिकडचा नियम साधा होता.

धोंडप्पांचा भाऊ अक्कलकोटला असतो. त्याच्याकडे मागितले असते तर त्यानं दिलेही असते. पण त्यानं दिवाळीतच सांगून ठेवलं होतं की पोरगी परत आली तर किराणा दुकानवाल्याचं एक स्थळ आहे, मुलगा एकुलता एक, दोन मजली घर. ‘आलीच तर’ असं तो म्हणाला होता. त्याच्या दारात पैसे मागायला जाणं म्हणजे त्या ‘आलीच तर’ला होकार देणं, हे दोघांनाही न बोलता ठाऊक होतं. म्हणून अक्कलकोटचं नाव घरात निघालं नाही.

त्या दिवसांत काकूंच्या घरात भीती कशी राहत होती ते मी पाहिलं आहे. भांडण नाही, रडणं नाही. थाप चालू असायची, फक्त मधूनच थांबायची. काकू मला हाक मारून मोबाईलवर डॉलर बघायला सांगत आणि मी आकडा सांगितला की ‘बरं’ म्हणत, जणू मी शेजारच्या घरात कोण आजारी आहे ते सांगितलंय. गजराबाईंना एवढंच कळत होतं की काहीतरी वाढतंय. त्या म्हणाल्या, ‘अमेरिकेत रुपया न्हाय चालत तर तितं पोरीला धाडलीच कशाला?’ काकू म्हणाल्या, ती अमेरिकेत नाही. ‘मग डॉलर कशाला द्यायचा?’ काकूंनी त्यांच्यापुढं पिठाचा गोळा सरकवला.

निकिताचा फोन एक दिवसाआड येई. पूर्वी काकू पहिलं विचारत, काय जेवलीस? आता विचारेनाशा झाल्या. जेवणाचे पैसेही इथून रुपयात जात आणि तिथं कमी होऊन पोचत, आणि उत्तर काय येईल याची त्यांना धास्ती वाटे. एकदा निकिताच म्हणाली, ‘अव्वा, मी एक वर्ष थांबले तर? इकडं दोघीजणी थांबल्यात.’

‘थांबून करशील काय?’

‘काम बघीन. इथं किचनमध्ये घेतात.’

काकूंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाल्या, ‘भाकऱ्याच थापायच्या तर इथं काय कमी व्हत्या?’ दोघी हसल्या. फोन ठेवल्यावर काकू चुलीपाशी गेल्या आणि विझलेलं लाकूड उगाच आत सारत बसल्या. थांबलेल्या मुली त्यांनी गल्लीत पाहिल्या होत्या. एक वर्ष थांबते म्हणून थांबलेली एकही पुन्हा निघालेली त्यांना आठवत नव्हती.

उन्हाळ्यासाठी ठेवलेली ज्वारी त्यांनी विकून टाकली. धोंडप्पांनी आडतीतून उचल घेतली, आणि त्या दिवशीच्या भावानं पुरतील एवढे पैसे जमले. एजन्सीतला मुलगा फोनवर म्हणाला, ‘मावशी, दोन दिवस थांबून बघा, कधी कधी उतरतो.’ त्यानं चांगल्या मनानंच सांगितलं होतं, पण त्या दोन दिवसांनी काकूंना जेवढं छळलं तेवढं बाकी कशानं छळलं नाही. नुसतं वाढत असतं तर माणूस धावत सुटतो. उतरेलही म्हटल्यावर पाय जागीच अडतात. जावं की थांबावं? सकाळी जावंसं वाटे, दुपारी थांबावंसं. धोंडप्पा म्हणत, तू म्हणशील तसं. काकूंना वाटे, यांनी एकदा तरी स्वतः म्हणावं. दोन दिवस थांबून ते गेले तेव्हा डॉलर ब्याण्णवला टेकत होता. पुन्हा कमी पडले. पहिल्यापेक्षा थोडेच कमी, पण अर्धवट फी तिकडे घेत नाहीत.

त्या दिवशी एस्टीतून उतरल्यावर धोंडप्पा घराकडे वळले. काकू म्हणाल्या, ‘तुमी व्हा पुढं.’ आणि त्या रस्त्याच्या कडेनं शिवानंदच्या ढाब्याकडे चालू लागल्या.

शिवानंदचा ढाबा त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. शिवानंद वयानं लहान, नात्यात नाही पण जातीतला, त्यांना अक्का म्हणणारा. दुपारची गर्दी ओसरली होती, दोन ट्रकवाले खाटेवर आडवे झाले होते. शिवानंद गल्ल्यावर बसून मेनूकार्डावर चिकटपट्टी लावत होता. जुना भाव झाकायचा आणि वर पेनानं नवा लिहायचा. काही ओळींवर पट्टीवर पट्टी चढून कार्ड जाड झालं होतं. काकू समोर बसल्या. चहा आला. त्यांनी तो प्यायला नाही.

‘शिवानंदा, भाकरीला एक रुपया वाढवून दे,’ त्या म्हणाल्या. ‘आन् दोन महिन्यांचे पैसे आधी.’

शिवानंदच्या हातातली पट्टी बोटालाच चिकटून राहिली. त्यानं कार्ड त्यांच्यापुढं सरकवलं. ‘हे बघा अक्का. तेल पंधरा दिवसाला वाढतंय, गॅस वाढलाय, पिशव्यासुदिक वाढल्या. सगळ्या ओळींवर पट्ट्या हायत. तुमची कडक भाकरी तेवढी छापली तशी हाय. लोकांस्नी मी दाखवतो ते.’

‘ठाऊक हाय मला.’

‘ज्वारी गगनाला गेली तवा तुमी वाढवलं न्हाय. आता तर ज्वारी उतरलीय.’

‘ज्वारीसाठी न्हाय मागत.’

त्यानं कारण विचारलं आणि काकूंनी सांगितलं. रडल्या नाहीत. निकिताची परीक्षा, महिनाअखेर, दोनदा सोलापूर, दोनदा परत. शेवटी म्हणाल्या, ‘माझाच शब्द मोडायला आले मी. तू न्हाय म्हणालास तरी तुझं काय चुकणार न्हाय.’

शिवानंदनं बोटाला चिकटलेली पट्टी सोडवली. मग उठला, गल्ला उघडला, आतल्या खोलीत जाऊन आणखी घेऊन आला. नोटा त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या. काकूंनी दोन्ही हात पुढं केले. तेव्हा तो म्हणाला, आणि हेही त्यानं प्रेमानंच म्हटलं, ‘पण अक्का, एक बोलू का? एकदा मोडलाच हाय भाव, तर आता दसऱ्याचं ऱ्हाऊ द्या. हे दोन महिने नऊनं. त्याच्या पुढं रोजचा भाव ठरवू. तुमचं वाढलं तर तुमी सांगा, बाजार उतरला तर मी सांगतो. मलाबी परवडाय पायजे ना?’

यात गैर असं काहीच नव्हतं. काकू ‘व्हय’ म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? पुडकं हातात होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीनं जाऊन त्यांनी फी भरली. या वेळी पुरले, तिकिटापुरते उरलेही. संध्याकाळी निकिताचा मेसेज आला, पैसे पोचले, परीक्षेला बसते. काकूंनी तो मला तीनदा वाचायला लावला. पुढं निकाल लागला, ती पास झाली. गल्लीत सगळ्यांना पेढे वाटले, अक्कलकोटलाही पाठवले.

इथं ही गोष्ट संपायला हवी होती. निकिताचं वर्ष वाचलं, हे खोटं नाही.

पण इतर ढाब्यांवर चारच दिवसांत कळलं की रुद्रम्मानं शिवानंदचा भाव वाढवला. मग आठचाच भाव ठेवा असं कुणी म्हणेना आणि कुणी नऊही देईना. जो तो म्हणे, आजचं काय ते सांगा. दोन महिने सरले. पुढच्या वर्षीचं होस्टेल महाग होणार, असं निकिता फोनवर सहज बोलून गेली. किती ते तिलाही सांगता आलं नाही, कारण ते भरायच्या दिवशी कळणार होतं.

परवा सकाळी मी काकूंकडे बसले होते. तव्यावर एक, हाताखाली एक, चुलीभोवती गोल करून बाकीच्या उभ्या. फोन वाजला. काकूंचे हात पिठाचे, म्हणून मी फोन त्यांच्या कानाशी धरला. शिवानंद होता. जळकोटकडची एक बाई थोडी स्वस्त देते म्हणत होता, सरळ होती त्याची बोली, लपवाछपवी काही नव्हती. ‘पण तुमचं ते तुमचं, अक्का. म्हणून आधी तुमाला विचारतो. आज कितीनं लावू?’

काकूंनी चुलीकडे पाहिलं, मग दाराबाहेर, जिथून आडतीकडे जाणारे धोंडप्पा नुकतेच दिसेनासे झाले होते. दसऱ्याला पान देताना त्यांचा आवाज कसा असे ते सगळ्या नळदुर्गाला माहीत आहे. आत्ता त्या ‘साडेआठ’ म्हणाल्या, आणि म्हणून झाल्यावरही त्या शब्दाचं टोक वरच राहिलं, विचारल्यासारखं.

‘बरं,’ शिवानंद म्हणाला. ‘आजच्यापुरतं धरतो.’

मी फोन खाली ठेवला. गजराबाई पिठाचा डबा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, किती घेऊ पीठ? काकूंनी डब्यात बघितलं. शेर-पायलीचा अंदाज ज्या हातांना कधी विचारावा लागला नाही, ते हात त्यांनी मांडीवर ठेवले, आणि किती ते त्यांना सांगता येईना.